खदानीला चढायची वाट कोणी ठेवायची?

वाघ, जंगल, पक्षी हे पोट भरलेल्यांचे विषय आहेत. आपल्या लोकांसमोर जमिनीचा, शिक्षणाचा, अत्याचाराचा प्रश्न उभा असताना पाखरे मोजत बसायला आपल्याला वेळ नाही, असे आम्ही किमान दहा सभांमधून बोललो आहोत. प्रत्येक वेळी टाळ्या मिळाल्या. ते बोलणे अर्धेच खरे होते, हे आमच्याच गावच्या एका खड्ड्याने आम्हाला दाखवले, म्हणून हा लेख. उरलेले अर्धे आजही खरे आहे आणि तेही इथे सांगणार आहोत. त्यामुळे पर्यावरणवादी मित्रांनी लगेच खूश होऊ नये.

आमचे गाव मराठवाड्यात, गोदावरीच्या काठी. आमच्याकडे तिला कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतात. गावाच्या खालच्या अंगाला भीमनगर, भीमनगरच्या पुढे गायरान आणि गायरानाच्या पलीकडे नदी. या गायरानाच्या एका तुकड्यावर नऊ कुटुंबे दोन पिढ्यांपासून जवारी आणि तूर पेरतात. त्यात बौद्ध आहेत, मातंग आहेत, दोन घरे पारध्यांची आहेत. 14 एप्रिल 1990 पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय 1991 साली निघाला. त्या निर्णयाखाली केलेल्या या कुटुंबांच्या अर्जांचे काय झाले, हे विचारायला आम्ही शाळेत असल्यापासून आमचे वडील तहसीलला जात होते. आता आम्ही जातो. जमीन मात्र कागदावर अजूनही "पडीक" आहे.

या मातीखाली नदीचे जुने गोटे आणि भरड वाळू आहे. हजारो वर्षांपूर्वी नदी जेव्हा वेगळ्या उंचीवरून, वेगळ्या वळणाने वाहत होती तेव्हा तिने ते आणून टाकले. वर हातभर काळी माती आणि खाली गोट्यांचा जाड थर, अशी ही जमीन. नदीच्या आजच्या पात्रातली वाळू तर कधीच संपत आली आहे. 1976 साली पैठणला जायकवाडी धरण पूर्ण झाले आणि वरून येणारी वाळू त्या भिंतीमागे अडकू लागली. नवी येत नाही आणि जुनी केणीने, पोकलेनने, हायवा भरभरून जात राहते. पात्र रिकामे झाल्यावर माणसाची नजर काठाकडे वळणारच. तशी ती आमच्या गायरानाकडे वळली.

काही वर्षांपूर्वी एका रस्त्याच्या भरावासाठी गायरानातला दीड-दोन एकराचा तुकडा ठेकेदाराला मिळाला. ग्रामसभेचा ठराव झाला म्हणतात. त्या ग्रामसभेला भीमनगरातले कोणी होते का, हे विचारू नका. वरची काळी माती आधी गेली, ती वीटभट्टीवाल्यांनी नेली. मग गोटे गेले. किती ब्रासची परवानगी होती आणि किती ब्रास उपसले, याचा हिशोब गावात फक्त हायवा मोजणाऱ्या पोरांकडे होता. रस्ता झाला, ठेकेदार गेला आणि मागे अठरा फूट खोल, चारी बाजूंनी उभ्या कडांची खदान राहिली. तळाला पाझर लागला आणि ती भरली. गोट्यांचा थर म्हणजेच आमच्या हातपंपाचे पाणी साठवणारा थर, तो उघडा पडल्यावर हातपंपाचे काय होणार? उन्हाळ्यात तो कोरडा पडू लागला. पण तो विषय इथे वाढवत नाही.

अठरा फूट हा आकडा लक्षात ठेवा. खाण कायदा, 1952 चे कलम 3 वाचा. मुरूम, गोटे, खडी, साधी वाळू काढणाऱ्या उघड्या खाणीची खोली कुठेही सहा मीटरच्या वर जात नसेल, कोणत्याही दिवशी पन्नासपेक्षा जास्त माणसे कामावर नसतील आणि सुरुंग वापरले जात नसतील, तर या कायद्याच्या बहुतेक तरतुदी त्या खाणीला लागूच होत नव्हत्या. सहा मीटर म्हणजे एकोणीस-वीस फूट. पन्नास माणसे तर आता लागतच नाहीत, एक पोकलेन पुरते. कायदा खाणीत काम करणाऱ्या मजुराच्या सुरक्षेसाठी केलेला, हे आम्हाला मान्य आहे. पण मजूर निघून गेल्यावर त्या खड्ड्याशेजारी जे राहतात त्यांचे काय? सहा मीटरच्या आत माणूस बुडत नाही, असे कोणी ठरवले? सरकारी भाषेत या मालाला "गौण खनिज" म्हणतात. खनिज गौण, जमीन पडीक आणि शेजारी राहणारी माणसे कोणत्या रकान्यात बसतात ते वाचकांना सांगायला नको.

कायदे नाहीत असे मात्र नाही. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2012 रोजी सांगितले की पाच हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी घ्यावी लागेल. 8 जानेवारी 2020 रोजी त्याच न्यायालयाने केंद्र सरकारला आणखी एक आदेश दिला, तो आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. खाणकाम संपल्यावर पट्टाधारकाने त्या जमिनीवर पुन्हा गवत उगवेल अशी व्यवस्था करावी, चारा, वनस्पती आणि प्राणी यांना ती योग्य व्हावी आणि हा सगळा खर्च पट्टाधारकानेच करावा, ही अट घालण्याचा तो आदेश. गायरान म्हणजे काय, तर चाऱ्याची जमीन. म्हणजे आमच्या गायरानाचे नावच जणू त्या आदेशात आहे! आम्ही त्याची प्रत घेऊन कार्यालयात गेलो. साहेबांनी ती चाळली आणि म्हणाले, "हे मोठ्या खाणींसाठी असतं, ताई."

आता ज्याबद्दल लिहायला आम्हाला दोन वर्षे लागली ते लिहितो.

सप्टेंबर महिना होता. भीमनगरातला सहावीतला एक मुलगा शेळ्यांना पाणी पाजायला खदानीकडे गेला. एक शेळी कडेवरून खाली घसरली, तिला धरायला तो वाकला आणि कड तुटली. पाणी काठापासून हात-दीड हात खाली होते. एवढेच अंतर. पण गोट्यांची उभी भिंत, पकडावे तो गोटा हातात सुटून येतो. भोई आळीतल्या पोरांनी त्याला बाहेर काढले तेव्हा उशीर झाला होता. भिंतीवर त्याच्या बोटांनी ओरबाडल्याच्या खुणा दोन दिवस दिसत होत्या. शेळी पलीकडच्या कोपऱ्यात एका ढिगावर जिवंत सापडली.

पंचनाम्यात लिहिले गेले: "पोहण्यास गेला असता बुडून मृत्यू."

हा मुलगा पोहायला जाणेच शक्य नव्हते, कारण भीमनगरात कोणाला पोहताच येत नाही. आमच्या घरात तीन पिढ्यांत पोहणारा माणूस नाही. आमच्या भागात पोरे पोहायला विहिरीत शिकतात, पाठीला वाळला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून, बाप किंवा चुलता वरून ढकलतो. ज्या विहिरीला आमच्या आजोबांची सावली चालत नव्हती, त्या विहिरीत त्यांना पोहायला कोण शिकवणार होते? आजोबा शिकले नाहीत म्हणून वडील नाहीत, वडील नाहीत म्हणून आम्ही नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाण्याचा घोट घेण्याचा हक्क मिळवायला आमच्या माणसांना डोकी फोडून घ्यावी लागली. पाण्यात उतरण्याचा हक्क, पाण्याची ओळख, पाण्याची भीती जाणे, हे अजून आमच्यापर्यंत आलेले नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलांचे बुडून मरण्याचे प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा जास्त आहे आणि तिथले अभ्यासक त्याचा संबंध वर्णभेदाच्या काळातल्या बंद पोहण्याच्या तलावांशी जोडतात. एम. ए.ला असताना हे आम्ही दूरदेशीचे उदाहरण म्हणून वाचले होते.

त्या हिवाळ्यात शहरातून पक्षीमित्र आले. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते, त्यासाठी ते नदीकाठाने फिरत होते आणि त्यांना आमची खदान सापडली. त्यांना झालेला आनंद आम्ही पाहिला आहे. पाण्यावर बदके होती, कडेला शेकाट्या होत्या, वर कवड्या खंड्या एका जागी पंख फडफडवत थांबून खाली झेप घेत होता. पूर्वेकडच्या उभ्या भिंतीत ओळीने बिळे होती, वेड्या राघूंनी आणि खंड्यांनी कोरलेली. मुलगा ज्या भिंतीवर चढू शकला नाही तिच्याच शेजारची ही भिंत. एक जण आम्हाला म्हणाला, "ताई, निसर्गाने बघा कशी जखम भरून काढली!" आम्ही उत्तर दिले नाही. दिले असते तर ते छापण्यासारखे नव्हते.

दोन महिन्यांत ग्रामपंचायतीच्या पटलावर प्रस्ताव आला: खदान आणि भोवतालचे गायरान मिळून "पक्षी पाणवठा", भोवती तारेचे कुंपण, झाडे, बाक, पाटी. कुंपणाच्या आत नऊ कुटुंबांपैकी सहांची शेते जात होती. गावातल्या ज्या मंडळींनी हयातीत चिमणीला दाणा टाकला नसेल, त्यांना अचानक पाखरांचा कळवळा आला. जी जमीन खणताना "पडीक" होती ती आता "जैवविविधतेने समृद्ध" झाली. दोन्ही वेळा आमची माणसे तिथे नव्हतीच, असे धरून चालले होते. एका गृहस्थाने तर आम्हाला धम्मच शिकवला: "तुम्ही तर बौद्ध, प्राणिमात्रांवर करुणा हा तुमचाच विचार ना?" करुणेचा हिशोब आम्हाला चालेल. मग तो खदान खणली तेव्हापासून मांडा.

बाबासाहेबांनी 1947 साली "स्टेट्स अँड मायनॉरिटीज" या निवेदनात सरकारी मालकीच्या पडीक, लागवडीयोग्य जमिनी अस्पृश्यांच्या वसाहतींसाठी राखून ठेवण्याची मागणी केली होती. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 साली हजारो भूमिहीन तुरुंगात गेले ते याच पडीक जमिनींसाठी. 2011 साली जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला, तेव्हाही भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत अपवादाला जागा ठेवली. आमच्यासाठी गायरान हा केवळ सात-बाऱ्यावरचा शेरा नाही, आमच्या चळवळीचा तो निम्मा इतिहास आहे. म्हणून कुंपणाला आमचा विरोध होता, आहे आणि राहील.

मग आम्ही काय मागितले? "खदान बुजवा." भीमनगराची तीच मागणी होती, मुलाच्या आईची तर होतीच. आम्ही मोर्चाचे निवेदनही लिहिले. आणि इथे आमची चूक झाली.

दीड-दोन एकर, अठरा फूट खोल खड्डा बुजवायला माल आणायचा कुठून? एक खड्डा बुजवायला दुसरा खड्डा खणावा लागतो आणि तो दुसरा खड्डा कोणाच्या वस्तीजवळ निघेल? किंवा मग शहराचा कचरा येईल. शेजारच्या तालुक्यात एक खदान अशीच बुजवली गेली, तिथे आता प्लास्टिक जळते आणि विहिरीच्या पाण्याला वास येतो. बुजवली तरी वरची काळी माती वीटभट्टीत केव्हाच भाजून निघाली आहे. तिथे जवारी उगवणार नाही. हे गणित आम्ही मोर्चाआधी करायला हवे होते. आम्ही मोर्चानंतर केले.

वाट दाखवली ती एका वडार काकांनी. गावातल्या निम्म्या विहिरी त्यांच्या आज्या-पणज्यांनी खांदलेल्या. आम्ही त्यांना खदान बुजवायला किती खेपा लागतील ते विचारायला नेले होते. ते काठावर उकिडवे बसले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरी, आमी खांदताना आधी वर यायची वाट ठेवतो, मंग खाली जातो. डोक्यावर पाटी घेऊन वर यावं लागतं ना मान्साला. ह्या मशीनवाल्याला खाली उतरायचंच नव्हतं. त्यो वरूनच उपसत व्हता. म्हनून ह्या खड्ड्याला वाट नाई."

यानंतर आम्हाला कोणत्याही अहवालाची गरज नव्हती, तरी आम्ही वाचत गेलो. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर बांधकामासाठी नदीकाठचे गोटे असेच प्रचंड प्रमाणात उपसले गेले आणि त्या खड्ड्यांची तळी झाली. नॉटिंगहॅमजवळच्या अशाच खड्ड्यांवर 1966 साली ॲटनबरो अभयारण्य सुरू झाले. तिथल्या लोकांनी शिकलेली गोष्ट अगदी साधी आहे: उभ्या काठाच्या खोल पाण्याचा बहुतेक पाणपक्ष्यांना फारसा उपयोग नसतो. चिखलात चोच घालून खाणाऱ्यांना घोटाभर पाणी लागते, बदकांना काठावर चढता यावे लागते, बेडकांना आणि माशांच्या पिल्लांना उथळ, उन्हाने तापणारी कड लागते. म्हणजे काठ उतरता हवा. हळूहळू खोल होत जाणारा, आडव्यात चार-पाच पावले गेल्यावर उभ्यात एक पाऊल खाली नेणारा.

थोडक्यात, पाखराला जो उतार लागतो तोच सहावीतल्या मुलालाही लागतो. घसरला तरी पाय टेकेल, हात टेकेल, रांगत वर येईल. आम्ही आणि पक्षीमित्र सहा महिने एकमेकांवर तोंडसुख घेत होतो ते या एका गोष्टीवाचून. त्यातल्या एकाने, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असलेल्या तरुणाने, हे आधी दोनदा सांगायचा प्रयत्न केला होता, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. आम्हाला त्याच्या आडनावापलीकडचे ऐकू येत नव्हते.

एक अडचण राहिली, ती उभ्या भिंतीत बिळे करणाऱ्यांची. सगळीकडे उतार केला तर राघू आणि खंड्या जाणार. काकांनीच तोडगा काढला: तीन बाजू उतरत्या करा, पूर्वेची भिंत ऱ्हाऊ द्या. फक्त त्या भिंतीच्या माथ्यावर काटेरी बाभूळ आणि सागरगोट्याचे दाट कुंपण, म्हणजे शेळी आणि लेकरू कडेपर्यंत जाणार नाही. तारेचे कुंपण फक्त तेवढ्या भिंतीपुरते, शेतांना नाही. कापून निघालेली भरड माती पाण्यात न ढकलता उताराच्या वरच्या अंगाला पसरायची आणि तिथे पवना, मारवेल लावायचे. चारा कोणाचा? ज्यांच्याकडे शेळ्या आहेत पण जमीन नाही त्यांचा.

ग्रामसभा झाली. या वेळी भीमनगर झाडून हजर होते, बायका पुढे बसल्या. वाद आमच्यातच जास्त झाला. काही तरुणांचे म्हणणे होते की रोजगार हमीतून काम घेणे म्हणजे ठेकेदाराने केलेली घाण सरकारी पैशाने, आपल्याच घामाने साफ करणे. त्याला मोकळे सोडणे. मुद्दा बिनतोड होता. दुसऱ्या बाजूला पावसाळा तीन महिन्यांवर होता. शेवटी दोन ठराव केले: उताराचे काम रोजगार हमीच्या आराखड्यात घ्यावे आणि त्याचा पूर्ण खर्च 2020 च्या आदेशाप्रमाणे पट्टाधारकाकडून वसूल करावा. तिसरा ठराव नऊ कुटुंबांच्या जमिनी नियमित करण्याचा. तो मांडताच पुढच्या ओळीतले काही जण उठून बाहेर गेले, पण गणपूर्ती होती आणि तो मंजूर झाला.

मुलाची आई सगळा वेळ गप्प होती. तिला बुजवलेला खड्डाच हवा होता आणि आजही हवा आहे. आम्ही तिला पटवून दिले, असे आम्ही म्हणणार नाही. सभा संपल्यावर ती म्हणाली, "उतार करा का काहीबी करा, ताई. माझं लेकरू पोहाया गेलं नव्हतं. शेळ्या पाजाया गेलं होतं. कागदावरचं तेवढं खोडून आणा."

काम फेब्रुवारीत दक्षिणेकडून सुरू झाले. हाताने खांदायचे म्हणजे हळू होते, पण काका मुकादमासारखे काठावर बसून उताराला दोरी लावत होते. मार्चच्या शेवटी, टाकलेल्या भरडावर छोट्या चिखल्याने चार अंडी घातली. गळ्यात काळा पट्टा असलेला हा मूठभर पक्षी घरटे म्हणून काही बांधत नाही, गोट्यांत खळगा करतो आणि अंडीही गोट्यांसारखीच, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. नदीच्या पात्रात अंडी घालायचा त्याचा हंगाम आणि वाळू उपशाचा जोराचा हंगाम एकच असतो. शिक्षक मित्राचा फोन आला, ते टोक तीन-चार आठवडे सोडा म्हणून. मजुरीवरच्या बायका चिडल्या, आम्हीही चिडलो. पाऊस काही पाखरासाठी थांबणार नव्हता. शेवटी माणसे पश्चिमेच्या कडेला लावली आणि दक्षिणेचे दहा-बारा हात तसेच राहिले.

पाऊस आला तेव्हा दोन बाजूंना उतार झाला होता, तिसरी निम्मी. वसुलीच्या अर्जावर "पट्ट्याची मुदत संपली असल्याने प्रकरण संबंधित विभागाकडे वर्ग" असे उत्तर आले आहे. संबंधित विभाग कोणता, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज आम्ही टाकला आहे. पंचनाम्यातला शब्द दुरुस्त करण्यासाठी भोई आळीतल्या त्या दोन पोरांचे जबाब प्रतिज्ञापत्रावर घेतले. शेळीचाही उल्लेख त्यात करायला लावला. पुढच्या सोमवारी ते घेऊन मुलाच्या आईसोबत जाणार आहोत.